बिस्किटची चंदी

टिलबरा स्टडवर, म्हणजे घोड्यांची पैदास होते त्या वाडीवर, सकाळ उजाडली की नाही हे सूर्यापेक्षा नोएला ब्रेनॉकच्या ढकलगाडीवरून कळायचं. त्या गाडीचं एक चाक कुरकुरायचं. त्याला तेल घालायचं कोणी मनावर घेत नसे, कारण तो आवाज ऐकला की तबेल्यातली सगळी घोडी कान टवकारून दाराशी येत. नोएला चंदीच्या खोलीतून बादल्या भरून निघायची. ओट, कोंडा, लसूणघासाची कुट्टी आणि वरून काकवीची एक धार. एकेका बादलीत काय किती घातलंय हे तिला हातानंच कळे.

या कामात तिचा सगळा जन्म गेला होता. ती आली तेव्हा रॉस पेनिकट, म्हणजे आत्ताचा मालक, शाळेत जात होता आणि मालकी त्याच्या वडिलांकडे होती. नोएला आधी मजुरांच्या स्वयंपाकघरात होती. एकदा चंदी करणारा माणूस हात मोडून घरी बसला, म्हणून तिला तात्पुरतं तिकडं पाठवलं. महिन्याभरात शिंगरांच्या अंगावर अशी तकाकी आली की थोरल्या पेनिकटनं तिला परत स्वयंपाकघरात जाऊच दिलं नाही. "माणसं काय, काहीही खातात," तो म्हणाला.

शिंगरं बाळसेदार दिसली पाहिजेत, हाच सगळ्या खोऱ्याचा कायदा. लिलावाच्या आधी गिऱ्हाईक येतं, शिंगराच्या पाठीवरून हात फिरवतं. हाताला बरगडी लागली तर पुढं बघतच नाही. म्हणून शिंगरांना भरायचं. नोएलाची शिंगरं तर अशी भरलेली असत की शेजारच्या स्टडवरचे लोक कुंपणापाशी गाडी थांबवून बघत.

आणि तिचा खरा अभिमान होता तो पोरक्या शिंगरांचा. दर दोन-तीन वर्षांनी एखादी घोडी विताना जायची. मग ते शिंगरू नोएलाकडं. ती त्याला बाटलीनं दूध पाजायची, पुढं चंदीची चटक लावायची आणि बाकीच्यांच्या दुप्पट घालायची. आईपासून तोडायच्या दिवसांत सगळी शिंगरं एका कुरणात सोडली की ती रॉसला कुंपणाशी उभं करून विचारायची, "सांग बरं, यातलं बिनआईचं कुठलं?" रॉसला सांगता यायचं नाही. निदान तो तसं म्हणायचा तरी.

हे वेड कुठून आलं ते तिनं कधी कोणाला सांगितलं नाही, पण नवऱ्याला, केव्हला, ठाऊक होतं. मेरिवा गावाच्या पलीकडच्या कोरड्या माळावर तिचं बालपण गेलं. घरात भावंडं फार आणि मटण थोडं. ती धाकटी, त्यामुळं ताट तिच्यापर्यंत येईतो रस्साच उरायचा. रिकाम्या ताटावर चमचा वाजवला की आई म्हणायची, "शेजारी ऐकतील." शेजार तीन मैलांवर होता. पण तो आवाज नोएलाच्या मनात बसला तो बसलाच. तबेल्यात एखादं घोडं रिकामी बादली दारावर आपटायला लागलं की ती हातातलं काम टाकून धावायची.

त्या वर्षी पोरकी राहिली ती एक तांबूस शिंगी. रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा, म्हणून तिचं नाव बिस्किट पडलं. नोएलानं तिला नेहमीसारखंच वाढवलं. उन्हाळा संपता संपता ती आपल्या वयाच्या सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत गोल झाली होती. या खेपेला तर रॉस खरोखरच फसला. त्यानं भलत्याच शिंगराकडं बोट दाखवलं तेव्हा नोएला आठवडाभर खुशीत होती.

मे महिन्यात, म्हणजे तिकडच्या हिवाळ्याच्या तोंडाशी, सकाळी गवतावर दहिवर गोठायला लागलं त्या दिवसांत, बिस्किट मागच्या उजव्या पायानं जरा आखडून चालायला लागली. सांधा थोडा फुगला होता. घोड्यांच्या डॉक्टर थिया लिंडक्विस्ट जवळच्या स्कोन गावाहून आल्या. तिशीतली बाई, उंच, हात कायम थंड, आणि त्याबद्दल घोड्यांची माफी मागायची सवय. त्यांनी पायाचे एक्स-रे फोटो काढले आणि पडद्यावर रॉसला आणि नोएलाला दाखवले.

"हा मागचा गुडघा. ही मांडीच्या हाडाची टोकाची गोलाई. आणि इथं हा काळा ठिपका दिसतोय ना? ही हाडात पडलेली पोकळी आहे. वर कूर्चा आहे, म्हणजे सांध्यातलं मऊ अस्तर. पण खाली आधारच नाही."

"म्हणजे खड्ड्यावर सतरंजी अंथरल्यासारखं," रॉस म्हणाला.

"तसंच. अजून सतरंजी फाटलेली नाही, हे नशीब."

"असं होतं कशानं?" नोएलानं विचारलं.

"पुष्कळ कारणं असतात. रक्तातून येतं, कधी नुसतंच होतं. फार भराभर वाढणाऱ्या शिंगरांत जास्त दिसतं. हिला खायला काय असतं?"

हा प्रश्न नोएलाच्या आवडीचा. तिनं बोटांवर मोजत सगळं सांगितलं. सकाळची बादली, दुपारची बादली, संध्याकाळची बादली, काकवी, दुधाची भुकटी, आणि बाकीची झोपल्यावर तिच्यासाठी ठेवलेली जास्तीची मूठ. "पोरकी आहे ना," ती म्हणाली, "पण बघून वाटतं का?"

थियांनी पडदा मिटला, तारा गुंडाळायला घेतल्या आणि त्या गुंडाळायला जरा जास्तच वेळ लावला.

त्यावरूनच नोएलाला कळलं.

"त्यानंच झालं का गं?" तिनं विचारलं.

"मला नाही सांगता येणार, नोएला. खरंच नाही. एवढं न खाणाऱ्या शिंगरांतही हे होतं. पण इथून पुढं तसं चालणार नाही, हे सांगू शकते."

रॉसनं पुढचं विचारलं. थियांनी सांगितलं ते असं. काही शिंगरं आपोआप सुधारतात, पण ही लंगडायला लागली आहे, तेव्हा वाट बघण्यात धोका. एक उपाय होता. तिच्याच छातीच्या हाडातला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, काढायचा, त्यातल्या नवं हाड आणि कूर्चा घडवू शकणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, आणि दुर्बिणीनं बघत बघत त्या पोकळीत सोडायच्या. मग महिनोन्महिने विश्रांती. निम्म्याहून थोड्या जास्त वेळा जमतं. नाही जमलं तर ती कायमची लंगडी, आणि पुढं यातना होऊ लागल्या तर तिला सोडवावं लागेल. 'सोडवणं' म्हणजे काय हे तिघांनाही माहीत होतं.

रॉस वाईट माणूस नव्हता, पण स्टड चालवत होता. बिस्किटचा बाप काही मोठा नावाजलेला नव्हता. त्यानं टोपी काढली, परत घातली. नोएलानं त्याच्याकडं इतक्या वर्षांत काही मागितलं नव्हतं, पगारवाढसुद्धा तो आपणहून द्यायचा. ती म्हणाली, "रॉस, हिचं करू या."

त्यानं तिच्याकडं बघितलं. "बरं," तो म्हणाला. "पण वर्षाअखेर ती धड चालली नाही तर मला पुन्हा विचारू नकोस."

मगज काढला त्या दिवशी बिस्किटचं डोकं नोएलानंच धरलं होतं. शिंगी गुंगीत उभी, खालचा ओठ लोंबलेला. थियांनी पुढच्या दोन पायांच्या मधे वाकून, भूल देऊन, जाड सुई घातली. लालभडक मगज नळीत आला. बर्फाच्या डब्यात बसून तो सिडनीला गेला आणि काही आठवड्यांनी पेशी होऊन परत आला. बिस्किटला स्कोनच्या दवाखान्यात नेलं तेव्हा थियांनी नोएलाला ती सिरिंज दाखवली.

"एवढंसं?" नोएला म्हणाली. "याहून जास्त दूध तर मी चहात घालते."

"यात लाखो आहेत."

"असतील बाई. उपाशी दिसतात."

थिया हसल्या, मग गंभीर झाल्या. "नोएला, या पेशी काम करतील की नाही माझ्या हातात नाही. पण त्यांच्यावर ओझं किती पडेल ते तुमच्या हातात आहे. हाड भरेपर्यंत ती हलकी राहिली पाहिजे. बरगड्या दिसल्या पाहिजेत."

"दिसल्या पाहिजेत?"

"मोजता आल्या पाहिजेत."

नोएलाला हे असं वाटलं, जणू कुणी तिला चर्चमध्ये शिवी द्यायला सांगितलं.

हिवाळाभर बिस्किट कोपऱ्यातल्या खणात बंद राहिली. शेजारच्या खणात सोबतीला एक म्हातारा पोनी ठेवला होता. त्याचा स्वभाव किरकिरा, पण तो फळीच्या फटीतून तिला नाक लावू द्यायचा. थोड्या आठवड्यांनी नोएला तिला म्होरकी घालून गल्लीतून हळूहळू फिरवायला लागली. सपाट जमीन, सरळ चाल, मोठ्या वळणानं परत. खायला वाळलं गवत, तेही बारीक जाळीच्या पिशवीत, म्हणजे एकेक काडी ओढण्यात वेळ जावा. आणि बादलीत क्षार मिसळलेली मूठभर कुट्टी. बस.

मूठभर कुट्टीला कितीसा वेळ लागतो? बाकीची घोडी अजून पहिल्या घासात असायची तोवर बिस्किटची बादली चाटूनपुसून लख्ख झालेली असायची. मग ती आपटायची. दारावर, फळीवर, पुन्हा दारावर. सगळ्या तबेल्यात घुमेल असा आवाज.

पहिल्या आठवड्यात नोएला दोनदा ओटांच्या पिंपाशी गेली. एकदा तर मूठ भरून निघालीसुद्धा. बिस्किटनं दारावरून मान काढली आणि मुठीचा वास घेतला. नोएला तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोर तो काळा ठिपका आला आणि वरची ती सतरंजी. तिनं मूठ नेऊन पोनीच्या बादलीत टाकली. पोनीला वाटलं असेल आज ख्रिसमस.

स्टडवर लोकांना मजा वाटू लागली. नालबंद आला की म्हणायचा, "काय नोएला, हिचा पगार कापला वाटतं?" घरी केव्हचं वेगळंच. खाणीतून निवृत्त झाल्यापासून त्याचं पोट वाढलं होतं आणि डॉक्टरांनी त्याला लोणी बंद करायला सांगून दोन वर्षं झाली होती.

"घोड्यांच्या डॉक्टरचं ऐकतेस," तो म्हणाला, "आणि माझ्या डॉक्टरबद्दल म्हणालीस, त्याला स्वयंपाकातलं काय कळतं!"

"तुझ्या गुडघ्यात खड्डा पडू दे, मग तुझंही बघते."

"म्हणजे तोवर ॲपल पाय मिळेल?"

"आहे अजून. पण मलई नाही."

त्यानं पायचं ताट पुढं ओढलं आणि विचारलं, "बिस्किट आवाज करते का गं अजून?"

नोएलानं हो म्हणून मान हलवली. त्यानं मलईशिवाय पाय खाल्ला आणि ताट चमच्याचा आवाज न करता बाजूला ठेवलं.

वसंतात बिस्किट छोट्या आवारात जाऊ लागली. तिची चाल सुधारली होती, पण पायात काय झालंय ते फोटोशिवाय कळणार नव्हतं, आणि फोटो डिसेंबरात काढायचे ठरले होते. मधल्या काळात एक गोष्ट घडली. बिस्किटच्या थोरल्या सावत्र भावानं, त्याच आईच्या पोटच्या, सिडनीला मोठी शर्यत जिंकली. लगेच रॉसचा फोन वाजायला लागला. पीटर गॅलव्हिन नावाचा एक दलाल, ज्याच्या शब्दावर शहरातले घोडेमालक घोडी घेत, टिलबराला यायचं म्हणाला. तारीख पडली नोव्हेंबरच्या शेवटाची. जॅकरांडाची जांभळी फुलं गळून वाटेवर चिखलासारखी झाली होती, तेव्हाची.

रॉस चंदीच्या खोलीत आला. तो सहसा तिथं यायचा नाही.

"नोएला, बिस्किटच्या अंगाला जरा भर घाल. दोन-चार आठवडे आहेत. गॅलव्हिनला आवडली तर तो फोटो येईपर्यंत थांबायला तयार आहे. पण अशी हाडकुळी बघून तो फोटोचं विचारणारसुद्धा नाही."

"थिया नको म्हणालीय."

"थियाला घोडी विकायची नाहीये. आणि आता चालतेय की छान."

"वरून छान चालतेय. आत काय आहे ते कोणाला माहीत?"

"अगं, दोन मुठी ओट. आख्खं आयुष्य तू त्यांना भरत आलीस. मी शाळेत होतो तेव्हा माझ्या डब्यातसुद्धा तू दोन माणसांचं घालायचीस."

"म्हणून तू असा झालास."

रॉस हसला, पण थोडाच. "नोएला, मी चंदी मागतोय. मत नाही."

ती बादलीत हात घालून कुट्टी सारखी करत होती. तिचे कान लाल झाले होते. मालकाला नाही म्हणायची तिला सवय नव्हती. बोलायचीच फारशी सवय नव्हती.

"रॉस," ती म्हणाली, "मला दुसरं कुठलं मत देता येत नाही रे. चंदीच येते."

बाहेर बिस्किटनं बादली आपटली.

"ठीक," रॉस म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, पण थंड झाला. "मग त्या दिवशी तिला तूच धरून उभी राहा. तबेल्यातल्या माझ्या पोरांना मी मान खाली घालायला लावणार नाही."

गिऱ्हाईक यायच्या दिवशी नोएला कधी बाहेर यायची नाही. ती खोलीच्या खिडकीतून बघायची, आणि कोणी शिंगरांचं कौतुक केलं की आत एकटीच हसायची. त्या दिवशी ती धुतलेला शर्ट घालून, केसांना पाणी लावून, बिस्किटची साखळी हातात धरून हिरवळीवर उभी राहिली. तिच्या डाव्या बाजूला सहा शिंगरं उभी होती. सगळी तिनंच वाढवलेली, तुकतुकीत, पाठीवर माशी बसली तर घसरेल अशी. आणि शेवटी बिस्किट. खरारा तर नोएलानं इतका केला होता की तांबूस रंग चमकत होता. पण बरगड्या त्या बरगड्या. उन्हात त्यांच्या सावल्या पडल्या होत्या.

गॅलव्हिन एकेकापाशी थांबत आला. हात फिरवायचा, मान हलवायचा, रॉसला काही बोलायचा. शेवटच्या शिंगरापाशी आला आणि थांबला. त्यानं हात लावलाच नाही.

"यांची चंदी कोण करतं?" त्यानं सहज विचारलं.

"मी," नोएला म्हणाली.

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

त्यानं सहा गोल शिंगरांकडं पाहिलं, मग हिच्याकडं. तो उद्धट नव्हता. त्याला खरंच गंमत वाटली असावी. "म्हणजे यातली बिनआईची ही, नाही का?"

रॉसनं जमिनीकडं बघितलं. इतक्या वर्षांत हे कोणाला ओळखता आलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "हीच."

मग तिला वाटलं आणखी काही सांगावं, मगज, पेशी, पोकळी. पण गॅलव्हिन पुढं निघून गेला होता. बिस्किटनं तिच्या खिशाला नाक लावलं. खिशात काही नव्हतं. नोएलानं तिला सरळ चालवत, मोठ्या वळणानं, खणात नेलं.

गॅलव्हिननं दोन शिंगरं पसंत केली. बिस्किटचं त्यानं परत काही विचारलं नाही. रॉसही त्यावर नोएलाशी काही बोलला नाही, चांगलं नाही की वाईट नाही, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला.

डिसेंबरात थिया आल्या. गरम दिवस होता. माशा इतक्या की बोलताना तोंडापुढं हात धरावा लागे. बिस्किट जराशा गुंगीत उभी राहिली. फोटो काढून झाले. रॉस आला आणि हाताची घडी घालून दाराशी थांबला. थियांनी मे महिन्यातला फोटो एका बाजूला ठेवला आणि आजचा शेजारी.

नोएलाला फोटो वाचता येत नव्हता. ती थियांच्या चेहऱ्याकडं बघत राहिली.

"इथं होता तो ठिपका," थिया म्हणाल्या. "आता हे राखाडी दिसतंय ना, ते हाड आहे. नवं. कडेला एक फट राहिलीय, ती भरेलही, कदाचित तशीच राहील. पण वरचं अस्तर खचलेलं नाही. जागच्या जागी आहे."

"म्हणजे?" रॉसनं विचारलं.

"म्हणजे तिला कुरणात सोडा. या उन्हाळ्यात लिलावाला नेऊ नका. घाई करू नका. पुढं ती पळेल असं मला वाटतं. लिहून देणार नाही."

"आणि तिला हलकी ठेवली ते?" नोएला म्हणाली. "म्हणजे, त्याचा उपयोग झाला का?"

थियांनी दोन्ही फोटोंकडं पुन्हा पाहिलं. "कशानं किती झालं ते मी वेगळं काढून नाही सांगू शकत. पेशींनी केलं, विश्रांतीनं केलं, तुम्ही केलंत. एवढं सांगते, ती जड असती तर ही सतरंजी खाली गेली असती अशी मला धास्ती होती."

रॉस दाराशीच होता. त्यानं टोपी काढली, परत घातली. "नाही नेत लिलावाला," तो म्हणाला. "आपणच ठेवू." आणि जाता जाता, मागं न बघता, "नोएला, त्या गाडीच्या चाकाला तेल घालू का गं?"

"हात लावू नकोस," ती म्हणाली.

संध्याकाळी बिस्किटला कुरणात सोडलं. ती आधी चार पावलं चालली, थांबली, वास घेतला, आणि मग एकदम उधळली. नोएलानं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती पलीकडच्या कुंपणाशी उभी होती, चारही पायांवर सारखी, आणि पोनी लांबून तिच्यावर खेकसत होता.

चंदीच्या वेळेला नोएलानं थियांना विचारून ठरवल्याप्रमाणं तिच्या बादलीत एक मूठ ओट वाढवले. हात पुन्हा पिंपाकडं गेला. तिनं तो तसाच मागं घेतला आणि एप्रनला पुसला.

बाकीची खात असतानाच बिस्किटचं संपलं. तिनं बादली उचलली आणि कुंपणाच्या फळीवर आपटली. एकदा, दोनदा. आवाज कुरणभर गेला. वाटेवरून शेजारच्या स्टडची गाडी चालली होती, तिचा वेग जरासा कमी झाला. नोएला ऐकत उभी राहिली. मग तिनं रिकाम्या बादल्या एकेक करून गाडीवर रचल्या आणि कुरकुरणारी गाडी ढकलत घराकडं निघाली. केव्हसाठी ॲपल पाय अजून करायचा होता, आणि आज त्यावर थोडीशी मलई घालायचा तिचा विचार होता.